कडू म्हणणारे एकतीस

सांगली,
सोमवार, ५ सप्टेंबर १९७७

मानसिंगराव यांस जालिंदरचा नमस्कार.

सकाळी दोन तास झाले. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर चार चौकटींचा तक्ता काढला, दुसऱ्या तासाला तोच पुसून पुन्हा काढला. दुपारी घरमालकीण चंद्राबाईंकडे जेवलो. चार वाजता तुमचे पत्र आले.

तुम्ही लिहिता की सुला आता चार वर्षांची झाली, तिला आजीचा लळा आहे, आणि ज्याने साप चावलेल्या तिच्या आईला नागोबाच्या देवळातून उचलून साताऱ्याच्या दवाखान्यात नेऊन मारले त्याच्या हाती पोर द्यायला घरात कुणाचे मन होत नाही. मजकूर स्पष्ट आहे. अक्षरही सुधारले आहे. तुम्ही पलटणीत असताना बहिणीला लिहायचात ती पत्रे शालूला माझ्याकडून वाचून घ्यावी लागत.

पुढे तुम्ही म्हणता, एवढे एम.एस्सी. शिकताय तर आकडे मांडून दाखवा. देवळात किती मेली, दवाखान्यात किती. दवाखाना निर्दोष ठरला तर पोर घेऊन जावा. मला हे कबूल आहे. योगायोग असा की संख्याशास्त्रात आम्हाला सध्या हेच शिकवतात. यात कुणाची उंची मोजायची नसते की वजन करायचे नसते. नुसते खाने पाडायचे. जगला की मेला, इकडे नेला की तिकडे. मग त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की सगळा योगायोग आहे, ते काय-स्क्वेअर नावाच्या कसोटीने ठरवायचे. शाळेतून दोन वर्षांची रजा काढून मी हे शिकायला आलो आहे, म्हणजे त्यात काहीतरी असणार.

प्रबंधिकेसाठी प्रत्येकाने खरी माहिती जमवायची आहे. वर्गातली इतर मुले घरोघर चहा की कॉफी विचारत फिरतात. मी सर्पदंश घेतला. सर खूष झाले. विषय अगदी जिवंत आहे म्हणाले.

तेव्हा गेल्या दहा वर्षांत गावात साप चावलेली माणसे, त्यांतली देवळात ठेवलेली किती, दवाखान्यात नेलेली किती, दोन्हीकडे मेलेली किती, हे हरिबा गुरवाला विचारून कळवावे. शालूला त्यात धरावे.

आईंना नमस्कार. सुलाला माझ्याकडून काय सांगावे ते सुचत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा.

जालिंदर


वाई, १४ सप्टेंबर

दाजी, राम राम.

बाजाराला आलोय. हाटेलात बसून लिव्हतोय, कागदावर चा सांडला तर तुमच्या कसोटीत धरू नका. आमच्या अक्षराचं कौतुक केलं, थँक्यू. मास्तर मानसाची पाठ थोपटायची सवय जात न्हाई.

हरिबाकडं जाऊन आलो. म्हणतो, "मास्तरला आकडं कशाला पायजेत? नागोबाची परीक्षा घेतोय व्हय?" म्या म्हणलं, व्हय, पास हुतो का बघायचं हाय. लय हसला. मग पाराव पाच-सात गडी जमलं आन समद्यांनी मिळून याद केली. कुणाचा आज्जा निघाला, कुणाची चुलती, धुळाची तर म्हस निघाली. म्हस मी वगळली. तुमच्या सरांस्नी चालत आसंल तर कळवा, धुळा लय नाराज झालाय.

तर रिपोर्ट आसा. देवळात ठिवली एकतीस. मेलं एक बी न्हाई. दवाखान्यात न्हेली चौदा. मेली नऊ. शाली धरून.

आता घाला कसोटी. आमी आडानी, आमास्नी न घालताच दिसतंय.

सुली ब्येस हाय. दिसभर आमच्या आईच्या पदराला धरून फिरती. तुमचं नाव काढत न्हाई. लिव्हायचं म्हणून लिव्हलं, राग मानू नका.

मानसिंग


सांगली, २९ सप्टेंबर

मानसिंगराव यांस नमस्कार.

आज तास नव्हते. सकाळी कसोटी घातली, दुपारी ती सरांना दाखवली, मग परत येऊन पुन्हा घातली. उत्तर तेच.

आकडा पंचविसाच्या आसपास येतो. चारच्या पुढे गेला की योगायोग म्हणायची सोय राहत नाही. म्हणजे देऊळ आणि जगणे यांचा संबंध आहे, दवाखाना आणि मरणे यांचाही आहे. अभिनंदन. नागोबा पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

सरांनी चष्मा कपाळावर नेऊन तक्ता पाहिला आणि म्हणाले, "संबंध फार सुंदर आहे." मग एका चौकटीवर पेन्सिल टेकवली. दवाखाना आणि मरण, ती चौकट. काहीच संबंध नसता तर तिथे दोन पूर्णांक आठ माणसे मरणे अपेक्षित होते. ही अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली की कसोटी भरवशाची राहत नाही, असा नियम आहे. सर म्हणाले, "लाड, तुमच्या गावात मृत्यू कमी पडतात. आणखी मिळवा." मी म्हटले, प्रयत्न करतो. ते म्हणाले, "शेजारच्या गावचे घ्या. कुणी हिशेब मागत नाही."

त्या नवांतली एक माझी बायको आहे हे मी त्यांना सांगितले नाही. सांगून अपेक्षित संख्या बदलत नाही.

थोडक्यात, मी हरलो. बोलल्याप्रमाणे सुला तुमच्याकडेच राहील. दिवाळीला फ्रॉक पाठवीन, तेवढा घालावा.

एकच शंका उरते. हे एकतीस देवळात आणि ते चौदा दवाखान्यात, हे कुणी ठरवले आणि कसे? चिठ्ठ्या टाकून ठरवले असते तर मी विचारले नसते. माणसे खान्यात आपोआप पडत नाहीत, कुणीतरी टाकतो, एवढे मला या वर्षात समजले आहे.

जालिंदर


वाई, ९ ऑक्टोबर

दाजी, राम राम.

हरलो म्हणून लिव्हता आन खाली शंका काढता. ह्ये पलटणीत चालत न्हाई.

गावचं जावई आसून इसरला? साप चावलेलं मानूस आलं की हरिबा कडूलिंबाचा पाला चावाय देतो. कडू लागला तर इख चढलं न्हाई. देवळात झोपवायचं, पाटंपातुर जागवायचं, देव राखतो. कडू लागला न्हाई, चवच कळंना, तर हरिबा हात जोडतो. "ह्ये आता माज्या हातातलं न्हाई, न्ह्या दवाखान्यात." मग गाडी गावंल तवा न्ह्यायचं. बापजाद्यांपासनं हेच चालू हाय. ह्यात शंका कसली?

आन शंकाच काढायची तर मी काढतो. आमच्या शालीनं कडू म्हणलं हुतं. भातलावनीला माहेराला आलेली लेक, समदं गाव जमलेलं, हरिबानं इचारलं, "कसा लागतोय गं?" "कडू," म्हणली. परत इचारलं. परत कडू. ती देवळातलीच बाई. तुमी उचलली. का, तर म्हणं पापण्या जड झाल्यात. आवं दाजी, चार दिस चिखलात वाकून लावनी केलेल्या बाईच्या पापण्या जड न्हाई हुनार तर काय हलक्या हुनार?

हरिबा आजून सांगतो, कडू म्हणलेलं एक बी मानूस आमच्या गावात मेलं न्हाई. एक सोडून.

मानसिंग


सांगली, १६ ऑक्टोबर

मानसिंगराव यांस नमस्कार.

आज रविवार. सकाळी कपडे धुतले. मग तुमचे पत्र पुढे ठेवून बसलो.

पाल्याचे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिले असते तर नागोबाचे अभिनंदन करण्याची घाई मी केली नसती. त्याने परीक्षा दिलेलीच नाही. अवघड प्रश्न आला की हरिबा तो दुसऱ्या शाळेत पाठवून देतो. आष्ट्याला नऊ वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला हे समजायला हवे होते. आमच्याकडेही एक हेडमास्तर होते. ढ मुलांचे दाखले ते मार्चच्या आत काढून हातात देत. निकाल दर वर्षी शंभर टक्के. त्यांचा सत्कार झाला, तेव्हा हार मीच आणला होता.

तर मी तक्ता फोडला. एक कडू म्हणणाऱ्यांचा केला, एक न म्हणणाऱ्यांचा. न म्हणणारे तेरा. सगळे दवाखान्यात गेले. आठ मेले, पाच वाचले. असला एकही माणूस देवळात ठेवलेला नाही, मग देऊळ बरे की दवाखाना बरा हे कशावरून ठरवणार? विष चढलेली तेरा माणसे, तीही गाडी गावेल तेव्हा नेलेली, त्यांतली पाच परत आली, याचेच मला नवल वाटते. तेव्हा दवाखाना सुटला. त्या आठांना तिकडे नेणारे त्यांचे नातेवाईक सुटले. हरिबाने फसवले असेही म्हणता येत नाही, तोही सुटला.

राहिला कडू म्हणणाऱ्यांचा तक्ता. देवळात एकतीस, सगळे जिवंत. दवाखान्यात एक, मेली.

म्हणजे आधी मी नऊ जणांच्या घोळक्यात होतो. आता सगळ्यांना सोडून दिले आहे आणि चौकटीत मी एकटा उभा आहे. इतके नीट काम तुमच्या पारावरच्या पंचांनाही जमले नसते. त्यासाठी एम.एस्सी. करावे लागते.

संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन दाखवले. म्हणाले, "एकच नोंद? एकीचे काही करता येत नाही. गाळून टाका." मी म्हटले, गाळता येणार नाही. ते म्हणाले, "लाड, माहितीच्या बाबतीत भावनिक होऊ नये." मी नाही होणार म्हटले.

बोलणे ठरले तसेच. सुलाबद्दल पुन्हा विचारणार नाही. फ्रॉक पार्सलने पाठवला आहे. माप अंदाजाने घेतले. चंद्राबाईंच्या नातीला उभे करून.

जालिंदर


सांगली, १८ नोव्हेंबर

मानसिंगराव यांस नमस्कार.

सकाळी तास झाले. दुपारी पोस्टात जाऊन आलो. तुमचे पत्र नव्हते.

दिवाळी झाली. भाऊबीजही झाली. फ्रॉक पोचला की नाही तेवढे कळवावे. पोस्टाने हरवला असेल तर त्यांच्याशी भांडता येईल. पोचून घातला नसेल तर भांडणार नाही.

पत्र न येण्याची कारणे मी दोन खान्यांत मांडली आहेत. राग आणि भातकाढणी. तिसरा खाना ठेवलेला नाही.

जालिंदर


वाई, २६ नोव्हेंबर

दाजी,

तिसरा खाना ठिवा.

दिवाळीच्या आदूगर भात काढत हुतो. आई पेंढ्या उचलत हुती. हाताला कायतरी चावलं. साप गावला न्हाई. देवळात न्हेली. हरिबानं पाला दिला. आईनं तोंडात घातला न घातला तोच म्हणली, "कडू हाय, लय कडू." हरिबा म्हणला, "झालं, काळजी मिटली." समदी हासली. बायका भाकरी आनाय घरला निघाल्या.

मी तिच्या समोरच बसलेलो. सुली मांडीवर. आई तिला कायतरी सांगत हुती, आन तिच्या पापण्या खाली याय लागल्या. उघडायची, परत खाली यायच्या. दुकानाची फळी निसटती तशा. सुली म्हणली, "आजी, झोपू नगं." आई म्हणली, "जागीच हाय गं." पर डोळं मिटल्यालं हुतं.

दाजी, मला तुमचं त्ये शब्द आठवलं. म्या उठून आईला खांद्याव घेतली. हरिबा आडवा आला. "आरं, म्हातारी कडू म्हणतीया!" "म्हणू दे," म्हणलं. "तुझ्याच भनीचं काय झालं इसरलास व्हय?" म्या म्हणलं, "इसरलो आस्तो तर बरं झालं आस्तं, सरक." भाईर आलो तर धुळा वराडला, "मानसिंग, दाजीच्या वळणाव गेलास व्हय रं!" आप्पासोचा ट्रॅक्टर उभा हुता, त्यो न इचारता घेतला.

साताऱ्यात पोचलो तवा तिचा दम थांबत आलेला. डाक्टरनं इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली. नळीला रबराची पिशवी. ती दाबायची, वारा आत जातो. नर्सबाई दाबून दाबून थकली तवा माझ्या हातात दिली. कागदाव म्या पलटणीतला हुद्दा लिव्हलेला, त्यो धरून म्हणली, "हवालदार, थांबू नका." मी दाबत बसलो. मग माझा थोरला पोरगा आला, त्यो बसला, परत मी. दाजी, लढाईत मला आसं भ्या वाटलं न्हवतं.

वाचली. बऱ्याच दिसांनी नीट बोलाय लागली. एक दिवस पेज भरवत हुतो, तवा इचारलं.

"आये, पाला कडू लागला हुता का गं?"

"कशाचा कडू? वैरण चावल्यागत लागला."

"मग कडू का म्हणलीस?"

"मुडद्या, न्हाई म्हणलं आस्तं तर उचलून हितं आनलं आस्तंस. हितं आल्यालं कोण माघारी येतंय? नऊ मेली म्हणून तूच पाराव सांगत हुतास न्हवं? त्यापरीस आपल्या गावात, आपल्या देवापुढं पडलेलं काय वाईट?"

मग पेज खाईना. भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणली, "शाली बी तसंच म्हणली आसंल रं. ल्हानपनापास्नं तिनं तरी दुसरं काय ऐकलं हुतं?"

म्या पेजेची वाटी खाली ठिवली. तुमी आस्ता तर काय बोलला आस्ता, ठाव न्हाई.

आता कामाचं. तुमच्या गणितानं मला पटलं न्हाई, ह्ये ध्यानात ठिवा. तुमी हरलाच हाय. पर पोर घिऊन जावा. आई म्हणती, "ज्येची हाय त्येला द्या, आन त्याला म्हणावं, मला तोंड दावून जा." परवा घरला आनलीया, आजून उठून बसत न्हाई ती, पर तोंड चालू झालंय, घरातली समदी धा मानसं ओळीत उभी करती.

गाव मला आता धाकला दाजी म्हणतंय. फ्रॉक पोचला. दोन बोटं आखूड झाला. सुली त्योच घालून हिंडती, काढ म्हणलं तर चावती.

मानसिंग


सांगली, १ डिसेंबर

मानसिंगराव यांस नमस्कार.

तुमचे पत्र काल मिळाले. आज तासांना गेलो नाही. सकाळी रजेचा अर्ज दिला, मग सरांच्या घरी गेलो, तिथून परत आलो. आई वाचल्या हे वाचून बरे वाटले. याहून मोठे वाक्य मला लिहिता येत नाही.

तुम्ही म्हणता तसे मी हरलोच आहे. आईंच्या एकटीच्या वाचण्याने काहीही सिद्ध होत नाही. एक माणूस वाचला तर तो एक माणूस वाचला. परीक्षेत असा प्रश्न आला तर मी असेच उत्तर लिहीन आणि पूर्ण मार्क घेईन.

सरांना मी सांगितले की कडू म्हणणाऱ्यांचा खाना खरा नाही. ज्यांना कडू लागते ते त्यात आहेत आणि ज्यांना भीती वाटते तेही त्यातच आहेत. जे देवळात जगले त्यांच्यातही कोण कशामुळे कडू म्हणाले ते आता कुणालाच सांगता यायचे नाही. आणि भीती कशाची, तर आपल्याच त्या चौकटीची. नऊ मेले हे ऐकून माणसे कडू म्हणतात, मग उशीर होतो, मग नवाचे दहा होतात. सरांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "भीतीसाठी वेगळा खाना करा." मी विचारले, तो कुणाला विचारून भरायचा? म्हणाले, "ते तुमचे तुम्ही बघा." एवढ्यात त्यांच्याकडे चहा-कॉफीवाला मुलगा आला. त्याचे काम उत्तम चालले आहे. चहा घेणारे चहाच घेतात म्हणतो.

मी शालूला त्या खान्यातून काढले. न म्हणणाऱ्यांच्या तेरांत घातले. तेराचे चौदा झाले, आठाचे नऊ झाले, आणि ती चौकट रिकामी झाली. सरांनी विचारले, कशाच्या आधारावर? मी म्हटले, सासूबाईंच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत, बाहेरचे परीक्षक मार्क कापतील. कापू देत.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. साताऱ्याच्या वाटेवर ट्रकमध्ये शालू मला "माघारी चला" म्हणत होती. जीभ जड झाली होती, तरी म्हणत होती. मला वाटायचे, तिला खरेच कडू लागले होते, ती त्या भरवशावर म्हणत होती, आणि मी तिचे ऐकले नाही. दोन वर्षे मी तेच धरून बसलो. आता कळते की ती दवाखान्याला भ्याली होती. ते कळले हे चांगले झाले की वाईट झाले, ते ठरवता येत नाही. मला दोनच खाने शिकवले आहेत.

सर दहा तारखेच्या तासाला तीन खान्यांचे तक्ते सुरू करणार आहेत. मी नसेन.

येत्या दहा तारखेला, शनिवारी, सकाळच्या एस.टी.ने निघतो. साताऱ्यात गाडी बदलून दुपारपर्यंत पोचेन. आधी आईंना तोंड दाखवीन. त्या काय बोलायचे ते बोलोत. तुम्हीही बोला, पारावर बसून बोललात तरी चालेल, धुळाला बोलवा. तेवढ्या चार गोष्टी आधी कळवाव्यात. सुला सकाळी काय खाते. दूध प्यायला कटकट करते का. केस कोण विंचरते आणि वेण्या किती घालते. रात्री दिवा चालू ठेवावा लागतो का. शालू असताना लागत नसे, पण तेव्हा ती दोन वर्षांची होती.

चंद्राबाईंनी मी कॉलेजात असताना तिला सांभाळायचे कबूल केले आहे. त्यांची नात बरोबरीची आहे. आठ-पंधरा दिवसांत सुला आजीसाठी फारच रडू लागली तर मी तिला परत आणून सोडीन आणि दर शनिवारी येत जाईन. हे आईंना आत्ताच सांगू नका, नाहीतर त्या पोरीला रडायला शिकवून ठेवतील.

खोलीत एकच कॉट आहे, उंच आहे. चार वर्षांचे मूल त्यावरून पडेल. खाली दोन अंथरुणे घालायची तर कॉट बाहेर काढायला हवी. चंद्राबाई नातीला घेऊन बाजाराला गेल्या आहेत, दुसरे कुणी घरात नाही. आता उठतो, कॉट उभी करून दारातून काढतो आणि फरशी धुवून घेतो.

जालिंदर